फ्रिजमधला बर्फ काढताना

आरोग्याच्या सदरात फ्रिज कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण सुरीने कापलेला तळहात, ओल्या फरशीवर घसरून मोडलेले मनगट, विजेचा धक्का हे सारे शेवटी डॉक्टरकडेच येते.

एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फकप्प्याच्या पातळ भिंतीतूनच गॅस फिरत असतो. बर्फ सुटत नाही म्हणून सुरी, सराटा किंवा पेचकस घातला की भिंतीला भोक पडते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये 'आर-६००ए' हा पेट घेणारा गॅस असतो; फ्रिजवरच्या पट्टीवर तसे लिहिलेले असते. फुसफुस ऐकू आली तर दारे-खिडक्या उघडाव्यात, काडी ओढू नये, विजेचे कोणतेही बटण दाबू नये.

खरे तर बर्फ आपोआप सुटतो, फक्त धीर हवा. पायांत चप्पल घालून कोरड्या हाताने प्लग काढावा, दार उघडे ठेवावे, खाली जुने कापड अंथरावे. घाईच असेल तर कप्प्यात गरम पाण्याचे भांडे ठेवावे. थर बोटभर जाड होण्याची वाट पाहूच नये.

वेळ मात्र नीट निवडावी. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्म्यात दूध, मटण, मासळी, शिजलेला भात तासाभराहून अधिक बाहेर राहू नये. म्हणून आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, फ्रिज रिकामा असताना, भल्या सकाळी हे काम उरकावे. वितळलेले मटण पुन्हा गोठवू नये. त्याच दिवशी शिजवावे.

मधुमेहाच्या रुग्णांनी विशेष लक्ष द्यावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते. ते बर्फकप्प्यात तर नकोच, त्याला खेटूनही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी फेकून द्यावे. त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही. सुई रोज टोचूनही साखर चढत जाते आणि रुग्ण दोष पथ्याला देतो! बर्फ वितळेपर्यंत बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून, थोडे पाणी भरलेल्या वेगळ्या मडक्यात सावलीत ठेवावी. पिण्याच्या माठात नको.

वितळलेले पाणी पुष्कळ फ्रिजमध्ये मागच्या ट्रेत साचते. डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते. कूलरची टाकी आपण आठवणीने रिकामी करतो, पण हा ट्रे दिसत नाही म्हणून राहून जातो. प्लग काढलेलाच आहे तोवर तो ओढून घासावा आणि पुढेही दर आठवड्याला कोरडा करावा.