लोकनियुक्त पोलीस आयुक्त : एक अभ्यास

आपल्याकडे पोलीस आयुक्त शासन नेमते. इंग्लंड व वेल्सच्या बहुतेक भागांत मात्र २०११ च्या कायद्याने ‘पोलीस व गुन्हेविषयक आयुक्त’ हे लोकांनी निवडून द्यावयाचे पद निर्माण झाले. पोलीस दलाचे धोरण व अंदाजपत्रक ठरविणे, दलाच्या प्रमुखाची नेमणूक करणे आणि गरज पडल्यास त्यास दूर करणे, हे त्याचे अधिकार होत. परंतु अमक्यास अटक करा, तमक्यास सोडा, असा हुकूम त्याला देता येत नाही. तपास पोलिसांचाच.

नोव्हेंबर २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत जेमतेम १५ टक्के मतदान झाले. २०२५ मध्ये तेथील सरकारने हे पद २०२८ मध्ये रद्द करण्याचे जाहीर केले. जाब विचारण्याचा हक्क कायदा देतो. पण मतदारच घरी बसला तर तो बजावणार कोण?