डंजन मास्टरचं पुस्तक पारखायचं कसं?

प्रश्न : आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला सुरुवात करतोय. डंजन मास्टरचं, म्हणजे खेळ चालवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘डंजन मास्टर्स गाइड’ स्वस्त नाही. नवशिक्याला त्याचा खरंच उपयोग होईल का, हे घेण्याआधी कसं ओळखू?

उत्तर : आधी अनुक्रमणिका उघडा. पहिल्याच सेशनला तुमच्यापुढे येणारे प्रश्न साधे असतील. फासे कधी टाकायला लावायचे? एकजण गप्पच बसला तर? सगळे गुहेत जायचं सोडून खानावळीतच रमले तर? यांची उत्तरं पुस्तकात किती लवकर येतात ते बघा.

याच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या ताडून पाहिल्या की फरक कळतो. २०१४ची आवृत्ती स्वतःचं जग रचण्यापासून सुरू होते, दुसऱ्या प्रकरणात अनेक विश्वांपर्यंत पोचते आणि प्रत्यक्ष खेळ कसा चालवायचा हे नऊपैकी आठव्या प्रकरणात सांगते. मजकूर चांगला, पण क्रम मुरलेल्या डंजन मास्टरच्या (डीएमच्या) सोयीचा. २०२४च्या आवृत्तीत पहिलं प्रकरण मूलभूत गोष्टींचं, दुसरं खेळ चालवण्याचं, विश्वरचना सहाव्यात. शिवाय पाच छोटी साहसं आणि नोंदींचे तयार तक्ते. तुम्ही हीच घ्या.

दुसरं, नुसता सल्ला आहे की उदाहरणही? खेळाडूंना मोकळीक द्यावी हे कुणालाही पटतं. पण खेळाडू काय म्हणाला, डीएमने काय उत्तर दिलं आणि फासा नेमका कुठे टाकायला लावला, हे संवादातून दाखवलं तरच ते टेबलावर जमतं.

तिसरं, काय गाळलं तरी चालेल हे पुस्तक सांगतं का? या खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांचं १९७९चं गाइड तक्त्यांनी खच्चून भरलेलं आहे. वाचायला मजा येते, पण नवखा त्यात हरवतो. उलट माइक शे यांचं ‘रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर’ (२०१८) सेशनची तयारी आठ पायऱ्यांत बसवतं आणि वेळ नसेल तर त्यातल्याही काही सोडायला सांगतं.

घाई मात्र करू नका. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटमध्ये साहस, तयार पात्रं आणि फासेही असतात. एक-दोन सेशन त्यावर खेळा आणि जिथे अडलात ते लिहून ठेवा. ती यादी घेऊन दुकानात जा. निम्मी उत्तरं उभ्या उभ्या सापडली, तर पैसे वाया जाणार नाहीत.