मिलिंग घेताना टेबलाचा मध्य बघा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर माझा हात बसला, पण घरचं मिलिंग मशीन घ्यायला पन्नाशी उलटावी लागली. मागच्या अंगणात १० बाय १२ची पत्र्याची शेड आहे. तिथे दोन मशीनं आली. पहिलं विकलं, दुसऱ्यावर आजही जुन्या इंजिनांचे सुटे भाग करतो.

१. आधी जॉब ठरवा. तळहाताएवढं ॲल्युमिनियम करायचं तर ५०-६० किलोचं टेबलावरचं मिनी मिल पुरतं. बीड आणि स्टील करायचं असेल तर वजन हवंच. हलक्या मशीनवर कटर थरथरतो, जॉबवर लाटा उमटतात आणि धार जाते.

२. गोल खांबाचं मशीन शक्यतो नको. माझं पहिलं तेच होतं. बिडाच्या फ्लँजला चार भोकं पाडायची होती. ड्रिल काढून लांब रीमर लावायला हेड वर उचललं आणि परत आवळलं. तेवढ्यात हेड खांबाभोवती केसभर फिरलं. रीमर भोकाची एकच बाजू खात गेला. दोन दिवस घडवलेला जॉब भंगारात टाकावा लागला, त्याचं वाईट अजून वाटतं. डोव्हटेलच्या खांबावर हेड सरळ वर-खाली जातं, जागा सुटत नाही.

३. जुनं मशीन बघायला जाताना डायल गेज खिशात ठेवा आणि रंगाकडे बघूच नका. हातचाक एका दिशेने फिरवून त्याची डायल शून्यावर लावा, मग उलट फिरवा. टेबल हलेपर्यंत किती रेघा गेल्या ते मोजा. हे टेबलाच्या दोन्ही टोकांना करा आणि मध्यावरही करा. एका व्यापाऱ्याने मला ‘एकदम कंडिशनमध्ये’ म्हणून दाखवलेल्या मशीनवर टोकाला २ रेघा जात होत्या आणि मध्यावर ९. आयुष्यभर काम मध्यावरच होतं, म्हणून स्क्रू तिथेच झिजतो. नट आवळून मधला ढिलेपणा काढला की टोकाला चाक फिरत नाही.

गाइडवेचंही तसंच. जिबची पट्टी आवळून मध्यावर प्ले काढा आणि टेबल हळूहळू टोकाकडे न्या. अडकलं तर मधला भाग खोल गेलाय. नट-स्क्रू नवे करून मिळतात. ग्राइंडिंग आणि स्क्रेपिंगचा खर्च मात्र घरगुती कामाला झेपत नाही. असं मशीन स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.

४. स्पिंडलचं टेपर बघा. आर-८ किंवा आयएसओ-४०ची हत्यारं आपल्याकडे सहज मिळतात. मोर्स टेपरमध्ये हत्यार घट्ट बसतं. दर वेळी ड्रॉबारवर हातोडी मारून सोडवायचं म्हणजे बेअरिंगचे हाल.

५. घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी लावून थ्री फेज मोटर चालते. पण २३० व्होल्टचा साधा व्हीएफडी ४१५ व्होल्ट देत नाही. मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असेल आणि डब्यात सहाही टोकं बाहेर असतील तर डेल्टा करून ती २३०वर चालवता येते. तीनच दिसली तर आधी मोटरवाल्याला विचारा.

६. सगळे पैसे मशीनवर संपवू नका. व्हाइस, कोलेट, क्लॅम्पचा संच आणि पॅरलल यांना माझे मशीनच्या निम्मे पैसे लागले. व्हाइस चांगलाच घ्या.

७. मशीन घरात कसं न्यायचं ते सौद्याआधी ठरवा. माझं दुसरं मशीन टनाच्या आसपासचं, एम-वन-टीआर पद्धतीचं टरेट मिल. हायड्रा क्रेन बोळाच्या तोंडापर्यंतच आली. तिथे टेबल उतरवलं आणि जड हेड उलटं करून खाली घेतलं, म्हणजे मशीन कलंडायची भीती कमी. मग खाली तीन पाइप आणि मागून पहार. शेजारची दोन पोरं पाइप उचलून पुढे ठेवत होती. शेवटच्या बारा फुटांना दीड तास लागला. रात्री लेव्हल लावून, तेल घालून बिडाच्या तुकड्यावर पहिला कट घेतला. त्या फेसवर बोट फिरवलं, एकही लाट लागली नाही.