हिशेबाची वही आणि स्वावलंबन

पिढीजात व्यापार करणाऱ्या घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच गल्ल्याजवळ बसू लागते. उधारी कोणास द्यावी, माल केव्हा भरावा, हे ते पाहून पाहून शिकते. आपल्या समाजाच्या वाट्याला तो गल्ला आला नाही. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचा माल कोण घेणार? म्हणून जे ज्ञान इतरांना वारशाने मिळाले, ते आपल्या मुलांनी अभ्यासाने मिळविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली. तेच बाबासाहेब १९१८ साली सिडनॅहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. उणीव ज्ञानाची नव्हती. बाजाराचे दार बंद होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १९ने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. २०१६ साली सुरू झालेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या व महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली. परंतु कर्ज मिळणे म्हणजे धंदा जमणे नव्हे. हिशेब न येणाऱ्याच्या हाती आलेले कर्ज घरातील दागिने आणि जमीन घेऊन जाते.

येथेच कम्युनिटी कॉलेजचे महत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली ही योजना आणली. स्थानिक गरजेप्रमाणे, अल्प खर्चात कौशल्य देणारे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम, हा तिचा गाभा. आपल्या भागाला ही कल्पना परकी नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम व शिक्षण यांची सांगड घातली.

लघुउद्योग व्यवस्थापनाच्या वर्गात काय शिकवितात, याचा एक नमुना पाहू. समजा, एका भगिनीने डबे पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला. डब्याची किंमत ६० रुपये; धान्य, भाजी व गॅस मिळून खर्च ४० रुपये. डब्यामागे २० रुपये उरतात. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता व वाहतूक यांचा मासिक खर्च ६,००० रुपये. म्हणजे महिन्याला ३०० डबे गेले की खर्च निघाला, असे वाटते. पण तिची स्वतःची मजुरी कोठे गेली? ती १२,००० रुपये धरली, तर १८,००० भागिले २०, म्हणजे ९०० डबे लागतात, रोजचे ३०. त्यापुढचा डबा हा खरा नफा. आपल्या श्रमाची किंमत हिशेबात मांडणे ही स्वाभिमानाचीही गोष्ट आहे.

मोजमापाचे मोल मलकापूरकरांना वेगळे सांगावयास नको. आपल्या नगरात चोवीस तास पाणी देताना प्रत्येक नळाला मीटर बसला. पाणी मोजले जाऊ लागले, तसे ते जपून वापरले जाऊ लागले. पैशाचेही तसेच आहे. गल्ल्यातील रक्कम आणि घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवली नाही, तर चालता धंदाही कोरडा पडतो.

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, हेही त्यांनी सांगितले. सम्यक आजीविका ती हीच. नफा कसा मिळवावा याबरोबर तो कशातून मिळवू नये, हेही आपल्याकडे शिकविले गेले आहे.

नोकरी न लागलेल्याने नाइलाजाने करावयाची गोष्ट म्हणजे धंदा, हा समज पालकांनी सोडावा. राखीव जागांसाठीचा लढा चालू राहीलच. पण मुलगा वा मुलगी दुकान काढू म्हणेल, तेव्हा भांडवलाची जुळवाजुळव करण्याआधी त्यांना सहा महिने वर्गात बसवावे. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनी व्यवसायात जम बसविला आहे, त्यांनी वर्षातून एकदा आपली जुनी हिशेबवही घेऊन शाळेत यावे. आपल्या मुलांना गल्ल्याचा वारसा मिळाला नाही. तो पुढच्या पिढीला देणे मात्र आपल्या हाती आहे.