गोव्याचा जनमत कौल : वाद, माहिती आणि मतदार

निवडणुकीतील वादविवादाने मत बदलते की आधीच ठरलेले मत दृढ होते, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. नेहमीच्या निवडणुकीत पक्ष, जात, नेत्यावरील श्रद्धा आणि धोरण यांची सरमिसळ होत असल्याने त्याचे उत्तर सापडणे कठीण असते. गोव्याच्या जनमत कौलात ही सरमिसळ बऱ्याच अंशी सुटली होती.

डिसेंबर 1963 च्या निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा विजय म्हणजेच विलीनीकरणास संमती, असे पक्षाचे म्हणणे होते. विरोधकांनी मात्र या एकाच प्रश्नावर स्वतंत्र कौल मागितला. तो निःपक्षपाती व्हावा म्हणून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 रोजी मतदारापुढे दोनच चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने.

'गोमंतक' दैनिकाने विलीनीकरणाची, तर मडगावच्या 'राष्ट्रमत'ने विरोधाची बाजू मांडली. लक्षणीय गोष्ट ही की, 'राष्ट्रमत'ही मराठीतच निघत असे. मराठीला आपली मानणाऱ्या वाचकाचे मन त्याच भाषेत वळवणे भाग होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर याच वाचकासाठी होते. नोकऱ्या, दारूबंदी, कोंकणीचे भवितव्य अशा व्यवहारातील परिणामांची चर्चा झाली. अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी पोहोचली.

गोव्यात विलीनीकरणास 1,38,170, तर संघप्रदेशास 1,72,191 मते पडली. अंतर 34,021 मतांचे होते. याचे सारे श्रेय लेखणीला देता येणार नाही. ख्रिस्ती समाजातील बहुसंख्यांचा विरोध पूर्वीपासूनच होता. परंतु हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात केवळ त्या मतांवर असा निकाल लागणे शक्य नव्हते. याहून बोलकी घटना पुढची आहे. मार्च 1967 मध्ये त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. नेता मान्य, पण त्याचा मुख्य प्रस्ताव अमान्य, असा भेद मतदाराने केला.

यावरून माहितीच्या सामर्थ्याची मर्यादाही कळते. पक्षनिष्ठा तिने मोडली नाही. प्रश्न वेगळा काढून समोर ठेवला गेला, तेव्हाच ती प्रभावी ठरली. गोव्यातील देवळात कौल लावताना देवापुढे प्रश्न नेमका मांडावा लागतो. लोकशाहीतील कौलासही तोच नियम लागू पडतो.