मानेची तरफ आणि लढाऊ वैमानिक

डोक्यावर भरलेली घागर घेऊन ताठ चालणाऱ्या बायका तुम्ही गंगाखेडला गोदावरीच्या काठी पाहिल्या असतील. दहा-बारा किलोंचा तो भार मान पेलते. मग लढाऊ वैमानिकाला कपाळापुढचे ३०० ग्रॅमचे उपकरण जड का व्हावे?

१९८७ साली पुण्याच्या लोहगाव तळावर मिग-२९ विमाने आली. त्यांच्या वैमानिकाच्या शिरस्त्राणावर, म्हणजे हेल्मेटवर, नेम धरण्याचे उपकरण असते. वैमानिक मान वळवील तिकडे क्षेपणास्त्राचा रोख वळतो. नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांतही ही सोय आहे.

समजा, विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने ७०० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९ पट येईल. डोके ४.५ किलो व शिरस्त्राण १.५ किलो धरले, तर मानेवर ५४ किलोंचा भार पडतो. सिमेंटचे पोतेसुद्धा ५० किलोंचेच असते!

पण खरी गोम भारभुजेत आहे. डोके ही पहिल्या प्रकारची तरफ होय. पहिला मणका हा टेकू, डोक्याचे वजन हा भार आणि मानेमागच्या स्नायूंचा ताण हे बल. डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या २ सेंटिमीटर पुढे धरू. शिरस्त्राणाचा बरोबर टेकूवर मानू. डोक्याचे परिबल ४.५ × २ = ९. उपकरण १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याचे परिबल ०.३ × १५ = ४.५. म्हणजे डोक्याच्या वजनाचा केवळ पंधरावा भाग, पण परिबलात निम्म्याने वाढ! स्नायूंची बलभुजा ५ सेंटिमीटर धरल्यास ९ पट त्वरणात त्यांचा ताण सुमारे १६ किलोंवरून २४ किलोंवर जातो. हा ताणही मणक्यांनाच दाबतो. घागर मात्र टेकूच्या थेट वर असते. तिची भारभुजा जवळजवळ शून्य.

त्यातून मान वळवून मागे पाहायचे असेल, तर स्नायू लचकण्याचा धोका वाढतो. म्हणून वैमानिक मानेचे व्यायाम करतात आणि जोराच्या वळणाआधीच डोके योग्य स्थितीत आणून ठेवतात.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. शिरस्त्राणामागे, टेकूपासून १० सेंटिमीटरवर, ४५० ग्रॅमचे वजन लावले तर मणक्यांवरील एकूण दाब वाढेल की कमी होईल? वरील आकडे घेऊन स्वतः गणित करून पाहा.