कंबरदुखी आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया

भातलावणीच्या दिवसांत तासन्‌तास वाकून काम करणारी स्त्री, रापण ओढणारा मच्छीमार, माडावर चढणारा पाडेली, मालवाहू ट्रकचा चालक आणि कचेरीत दिवसभर टेबलापाशी बसणारा कारकून यांच्या व्यवसायांत फारसे साम्य नाही. परंतु एक दुखणे या सर्वांस सारखेच गाठते. ते म्हणजे कंबरदुखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना हा विकार होता. कर्त्या माणसास काम सोडून घरी बसविणाऱ्या व्याधींत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

या विकारावर अत्यंत लहान छेद घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धती आता अनेक शहरांत उपलब्ध झाल्या आहेत. सकाळी शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी घरी, अशा आश्वासनाने रुग्णाचे मन आकृष्ट होणे स्वाभाविक आहे. काही कुटुंबे त्यासाठी दागिने गहाण ठेवतात. याउलट, कण्यास शस्त्र लागले की माणूस कायमचा अंथरुणास खिळतो, या भीतीने काही रुग्ण खरोखर आवश्यक असलेली शस्त्रक्रियाही टाळतात आणि पायातील शक्ती गमावून बसतात. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर शस्त्रक्रिया कोणत्या दुखण्यावर चालते आणि कोणत्या दुखण्यावर चालत नाही, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.

कण्याची रचना

मानेत सात, पाठीत बारा आणि कंबरेत पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड असते. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट चकती असते. तिलाच सामान्यतः गादी म्हणतात. तिचे बाहेरचे कडे तंतुमय असून आतील गाभा मऊ असतो. मणक्यांच्या मागील बाजूने जाणाऱ्या पोकळीतून मज्जारज्जू आणि नसा खाली उतरतात.

वयपरत्वे चकतीतील पाण्याचा अंश कमी होतो आणि ती चपटी होत जाते. काही वेळा बाहेरचे कडे फाटून आतील गाभा मागे सरकतो व नसेवर दाब देतो. अशा वेळी कंबरेपेक्षा पायातच अधिक कळ येते. नितंबापासून मांडी व पोटरीतून पावलापर्यंत जाणाऱ्या या कळेस सायटिका म्हणतात. वृद्धापकाळी मज्जारज्जूची पोकळीच अरुंद होऊ शकते. असा रुग्ण थोडे चालला की त्याचे पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर त्यास आराम वाटतो.

तथापि, कंबर दुखणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत विशिष्ट असा एकच बिघाड दाखविता येत नाही. स्नायू, सांधे, चकत्या, कामाची पद्धत, झोप, मनावरील ताण या सर्वांचा त्या दुखण्यात वाटा असतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यास जुनाट म्हणावयाचे, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. ते जुनाट झाले म्हणजे शस्त्रक्रियेस योग्य झाले, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

चित्रातील दोष आणि शरीरातील दुखणे

एम. आर. आय. तपासणीच्या अहवालात गादी फुगली आहे, गादी झिजली आहे असे शब्द वाचून रुग्णाचे कुटुंब घाबरून जाते. येथे दोन अभ्यास ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ व्यक्तींची ही तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत निदान एक गादी फुगलेली आढळली. सर्व गाद्या निर्दोष असलेल्या व्यक्ती केवळ ३६ टक्के होत्या. पुढे २०१५ साली अनेक अभ्यास एकत्रित करून असे दाखविण्यात आले की, कोणताही त्रास नसलेल्या लोकांतही विसाव्या वर्षी ३७ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

केसांचे पिकणे हा जसा रोग नव्हे, तशीच गादीची झीज ही बहुधा वयाची खूण असते. म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया ठरविता येत नाही. रुग्णाची तक्रार, वैद्याने प्रत्यक्ष हाताने केलेली तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. कळ उजव्या पायात आणि दबलेली नस डाव्या बाजूची, असे असेल तर ती नस मोकळी करून उजव्या पायाची कळ थांबणार नाही.

छेद लहान कसा झाला

सरकलेली गादी नसेवर दाब देते आणि ती काढल्यास पायाची कळ थांबते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली मांडले. त्या काळी यासाठी पाठीवर मोठा छेद घ्यावा लागे आणि हाडाचा बराच भाग काढावा लागे. १९७७ साली यासारगिल व कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया करण्याच्या आपल्या पद्धती प्रसिद्ध केल्या, आणि छेद दोन-तीन सेंटिमीटरांवर आला. १९९७ साली फोली व स्मिथ यांनी स्नायू न कापता, ते बाजूस सारून एका नळीतून दुर्बिणीच्या साहाय्याने गादीचा तुकडा काढण्याची रीत वर्णिली. आज पूर्णतः दुर्बिणीने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत छेद एक सेंटिमीटराहूनही लहान असू शकतो.

या पद्धतींमुळे स्नायूंना इजा कमी होते, रक्तस्राव अल्प होतो आणि रुग्ण लवकर चालू लागतो. रोजंदारीवर पोट असलेल्या कुटुंबास हा लाभ लहान नव्हे. परंतु छेद लहान असला, तरी आत केले जाणारे कार्य तेच असते. नसेस इजा, मज्जारज्जूचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग आणि त्याच जागी गादी पुन्हा बाहेर येणे हे धोके लहान छेदातही उरतात.

अभ्यास काय सांगतात

नेदरलँडमध्ये सायटिकाच्या तीव्र कळेने सहा ते बारा आठवडे त्रस्त असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटासाठी शस्त्रक्रिया लवकर ठरविण्यात आली. दुसऱ्या गटास औषधे व धीर देऊन थांबविण्यात आले. शस्त्रक्रियेच्या गटास आराम लवकर पडला. परंतु वर्ष संपताना दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबविलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांनी मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे पायातील शक्ती शाबूत असेल, तर थांबावे की लवकर सुटका करून घ्यावी, हा निर्णय बव्हंशी रुग्णाचा स्वतःचा असतो.

त्याच देशात ३२८ रुग्णांवर नळीतून केलेली आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. २००९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत नळीची पद्धत सरस ठरली नाही. पुढे २०२२ साली ६१३ रुग्णांच्या अभ्यासात पूर्णतः दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया पायाच्या कळेबाबत नेहमीच्या शस्त्रक्रियेहून उणी नसल्याचे दिसून आले. सारांश, योग्य रुग्ण आणि सराव असलेला शल्यचिकित्सक असेल तर दोन्ही मार्ग चांगले आहेत. छेदाच्या लांबीपेक्षा निदानाच्या अचूकतेस महत्त्व अधिक आहे.

केवळ कंबर दुखते, पायात कळ नाही, नस दबलेली नाही, अशा रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी मणके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३४९ रुग्णांच्या अभ्यासात, अशी शस्त्रक्रिया ही पद्धतशीर व कसून करून घेतलेल्या व्यायामाच्या कार्यक्रमाहून सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. जोडणी लहान छेदातून केली, म्हणून तिचे कारण अधिक बळकट होत नाही.

शस्त्रक्रिया कोणास, विलंब कोणास घातक

सरकलेल्या गादीमुळे पायात तीव्र कळ आहे, सहा किंवा अधिक आठवडे योग्य उपचार करूनही ती थांबत नाही आणि तपासणी व चित्र यांचा मेळ बसतो, अशा रुग्णाने शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा. मज्जारज्जूची पोकळी अरुंद होऊन चालणे दुरापास्त झालेल्या वृद्धांनाही तिचा लाभ होतो. पाऊल उचलता न येणे, पायातील शक्ती दिवसेंदिवस घटणे ही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसताना जो भाग टेकतो तो बधिर होणे, दोन्ही पाय लुळे पडू लागणे ही आणीबाणीची लक्षणे होत. अशा रुग्णास रात्र असो वा दिवस, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात हलवावे. काही तासांचा विलंबही आयुष्यभराचे पंगुत्व देऊ शकतो.

कंबरदुखीबरोबर सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे ही चिन्हे असतील, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्या देशात हा रोग आजही आढळतो. बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात आणि ती औषधे शासकीय क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी चालतेफिरते राहणे, पोट व पाठीच्या स्नायूंचे नियमित व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि ओझे उचलताना कंबरेऐवजी गुडघ्यांत वाकणे हेच मुख्य उपाय होत. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहिल्याने दुखणे वाढते.

संमतीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेल्या एका निर्णयानुसार, शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्यायी उपचार, संभाव्य मोठे धोके आणि शस्त्रक्रिया न केल्यास होणारे परिणाम हे सर्व समजावून दिल्यानंतर घेतलेली संमतीच खरी संमती होय. म्हणून कागदावर सही अथवा अंगठा उमटविण्यापूर्वी रुग्णाने निःसंकोचपणे विचारावे : कोणती नस दबली आहे? माझ्या तक्रारीशी तिचा संबंध कसा जुळतो? पायाची कळ जाईल की कंबरेचीही? आणखी सहा आठवडे थांबल्यास काय होईल? ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे? लहान छेदातून काम न साधल्यास काय कराल? भूल, उपकरणे व औषधे धरून एकूण खर्च किती?

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्या वैद्याचा अवमान नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत त्यास हक्काचे स्थान आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार, रुग्णाने मागितलेली कागदपत्रे वैद्याने ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. गोव्यातील रुग्णांस बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग आणि मज्जासंस्था-शल्यचिकित्सा या दोन्ही विभागांचा सल्ला घेता येतो. खाजगी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी, आपणास लागू असलेल्या शासकीय आरोग्य विमा योजनेत ते रुग्णालय व ती शस्त्रक्रिया समाविष्ट आहे किंवा कसे, याची लेखी खात्री करून घ्यावी. कर्ज काढण्याची वेळ त्यानंतरची.

गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांनी अशा रुग्णास अहवाल वाचून दाखविणे, प्रश्नांची यादी लिहून देणे आणि गरज पडल्यास त्याच्यासोबत रुग्णालयात जाणे एवढे साहाय्य केले, तरी पुष्कळ साध्य होईल. वरील प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर रुग्णाने शस्त्रक्रियेस होकार द्यावा अथवा नकार द्यावा. तो निर्णय भीतीने किंवा मोहाने घेतलेला नसेल.